तिसरी पट्टी

निपाणीच्या अलीकडे एका बंद पडलेल्या वखारीत जुनं रंधा मशीन विकायला काढलंय असं कळलं, तेव्हा मी आधी किंमत विचारली नाही. छप्पर गळतं का, ते विचारलं. गळत होतं, पण मशीनपासून चार हात लांब. मग म्हटलं, बघायला यायला हरकत नाही.

आपल्याकडे ज्याला नुसतं 'रंधा मशीन' म्हणतात ती खरं तर एकात तीन मशीनं असतात. वर १२ इंची रंधा. एका बाजूला लाकूड चिरायचं सर्क्युलर. आणि रंध्याचा ब्लॉक, म्हणजे पाती बसवलेला फिरता ठोकळा, ज्या शाफ्टवर फिरतो, त्याच शाफ्टच्या टोकाला ड्रिलचा चक आणि त्याच्यासमोर सरकतं टेबल, चौकटीची भोकं पाडायला. खाली मोटर एकच. दार, खिडकी, चौकट, पलंग, खेड्यातल्या सुताराचं सगळं पोट या एका बिडाच्या सांगाड्यावर चालतं. नवीन घ्यायची माझी ऐपत नव्हती असं नाही, कर्ज मिळालं असतं. पण जुन्या मशीनचं बीड जाड असतं, आणि कित्येक वर्षं उन्हापावसात राहिल्यामुळे त्याला जे काय वाकायचं-मुरायचं असतं ते वाकून-मुरून झालेलं असतं. नव्या हलक्या ओतकामापेक्षा माझा त्याच्यावर जास्त भरवसा होता. तो आजही आहे.

घरून निघताना सोबत घेतलं ते असं: टॉर्च, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पातींचा जुडगा), १२ इंची पोलादी पट्टी, पाने, रॉकेलची बाटली आणि चिंध्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, सोबत आले. त्यांचं सगळं आयुष्य हातरंध्यावर आणि पटाशीवर गेलं. मशीनबद्दल त्यांच्या मनात अढी होती, आणि तिला कारण होतं. माझ्या चुलत्यांची उजव्या हाताची दोन बोटं अशाच एका रंध्यावर गेली. त्या मशीनला चौकोनी ब्लॉक होता. चौकोनी ब्लॉक फिरताना त्याची सपाट बाजू वर आली की टेबलाच्या ओठात आणि ब्लॉकमध्ये मोठी फट पडते. हात घसरला तर बोट त्या फटीत जातं आणि पुढचा कोपरा ते आत ओढतो. गोल ब्लॉकमध्ये ही फट बोटभरही राहत नाही. इजा होते, पण बोट सहसा मुळापासून जात नाही. महाराष्ट्राच्या १९६३च्या कारखाना नियमांतही हाताने लाकूड सरकवायच्या रंध्याला गोल ब्लॉकच हवा असं आहे. म्हणून वखारीत गेल्या गेल्या अण्णांनी टेबलांवरचं पोतं बाजूला सारून पहिल्यांदा आत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "गोल हाय. आता बघ बाकीचं."

बाकीचं बघताना मी मनात दोन वाटण्या केल्या होत्या. बेअरिंग, पट्टे, मोटर, पाती, चाकी-बोल्ट ही सगळी बाजारात मिळणारी. ती मोडकी असली तरी किंमत पाडून मागायला उपयोगी. पण खालचा सांगाडा, दोन्ही टेबलं आणि ब्लॉक यांना पर्याय नाही. तिथं तडा असेल तर फुकटसुद्धा नको. सांगाडा रॉकेलनं पुसून घेतला आणि टॉर्च आडवा धरून कोपरे बघितले. बिडाला तडा असला की रॉकेल त्यात मुरतं, आणि वरचं वाळलं तरी तिथं ओली काळी रेघ राहते. तशी रेघ कुठं नव्हती. फक्त सर्क्युलरच्या टेबलाचा एक कान कधीतरी तुटून पितळेनं डाकलेला होता, तोही चांगल्या हातानं. ब्लॉक हातानं फिरवला तर खरखरत होता, आणि वर उचलून बघितला तर चांगला खेळ लागला. म्हणजे बेअरिंग गेलेलं.

३२,००० रुपयांत सौदा झाला. मशीन हलवताना दोन्ही टेबलं काढून वेगळी ठेवली, साखळी पुली अडकवली ती सांगाड्याला. टेबलाला दोर बांधून रंधा मशीन उचलणारे लोक मी बघितलेत. टेबल ज्या उतरत्या घसरणीवर बसतं तिची अशानं वाट लागते. आमचं गाव आजरा तालुक्यात, घाटमाथ्याच्या तोंडाला. टेंपो पोचेपर्यंत रात्र झाली. पाइपांवरून ढकलत ते शेडमध्ये नेलं.

सुटं करायला आठ दिवस लागले. सगळ्यात आधी दोन्ही पाती काढून कापडात गुंडाळून फळीवर ठेवली, कारण जुन्या मशीनवर लोकांचे हात मशीन बंद असतानाही कापतात, पाना सटकून. मग प्रत्येक जोडाचा मोबाइलवर फोटो, प्रत्येक चाकी-बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर खडूनं आकडा. एक बोल्ट टेबलाच्या घसरणीत मोडला. त्याच्या मोडक्या बुडख्यावर वेल्डरकडून नट डाकून घेतला. वेल्डिंगच्या उष्णतेनं गंज सुटतो आणि नटाला पाना लावून तुकडा फिरवता येतो. पहिल्यांदा नट उपटून आला, दुसऱ्यांदा बोल्ट आला.

बारीक भागांचा गंज काढायला मी प्लॅस्टिकच्या पिंपात धुण्याचा सोडा घातलेलं पाणी आणि १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर वापरला. गंजका भाग ऋण तारेला, आणि पाण्यात बुडवलेला जुन्या लोखंडाचा पत्रा धन तारेला. रात्रभरात गंज काळा, मऊ होऊन ब्रशनं निघतो, आणि चांगलं लोखंड झिजत नाही. दोन गोष्टी सांभाळायच्या. धन तारेला स्टेनलेस स्टील कधीही लावायचं नाही, त्यातलं क्रोमियम विषारी होऊन पाण्यात उतरतं. आणि पिंप उघड्यावर ठेवायचं, कारण बुडबुडे निघतात ते हायड्रोजनचे.

टेबलांचा गंज मात्र रॉकेल, दाढीचं पातं आणि तेलाचा दगड यांनीच काढायचा. हे मला ठाऊक होतं, तरी सर्क्युलरच्या टेबलावर मी घाई केली आणि ग्राइंडरला पॉलिशची चकती लावून चालवली. दहा मिनिटांत टेबल चांदीसारखं दिसायला लागलं. पट्टी ठेवली तर मधे फीलरची ०.१५ मिमीची पात सरकली. बीड गंजतं पोटापर्यंत कमी आणि वरवर जास्त. गंजाचे डाग राहिले तरी टेबल सरळ असतं, चकतीनं ते डागही जातात आणि सरळपणाही जातो. त्या टेबलावर आता लाकूड चिरतो तेव्हा फरक पडत नाही, चिरायला तेवढी सूट चालते. पण रंध्याच्या टेबलांवर असं केलं असतं तर मशीन भंगारातच गेलं असतं.

आता ब्लॉक. हे मशीनचं काळीज आहे म्हणून इथं मी थांबून सांगतो.

पुलर लावून बेअरिंगं काढायला घेतली. नंबर ६२०६. बेअरिंगच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्यापुढचे असले तर ते पाचानं गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिमीमध्ये मिळतो, म्हणजे इथं ३०. पट्ट्याच्या बाजूचं बेअरिंग हातानंच निसटून आलं तेव्हाच पोटात गोळा आला. चांगल्या बेअरिंगचं आतलं कडं शाफ्टवर घट्ट बसलेलं असतं. ते निसटतंय याचा अर्थ ते कित्येक महिने शाफ्टवर घसरत फिरलंय आणि शाफ्ट खाल्लाय. मायक्रोमीटरवर २९.९३ मिमी आलं. नुसतं नवीन बेअरिंग घालून चालवलं असतं तर चार महिन्यांत पुन्हा हेच.

ब्लॉक पोत्यात बांधला आणि एसटीनं कोल्हापूरला उद्यमनगरात गेलो. उद्यमनगरात गेलं की मला बरं वाटतं. एका गल्लीत ओतकाम, पुढच्या गल्लीत लेथ, त्याच्या पुढं ग्राइंडिंग, आणि कुठल्याही दारात उभं राहून 'हे असं झालंय' म्हटलं की माणूस हातातलं काम ठेवून वस्तू हातात घेतो. ज्या टर्नरकडे गेलो त्या मामांनी ब्लॉक दोन सेंटरांमध्ये धरून डायल लावला, हळूहळू फिरवला आणि म्हणाले, "सरळ हाय शाफ्ट. नशीब हाय तुमचं. आता ह्यो वेल्डिंगनं भरायला कुणाला देऊ नका. भरंल खरं, पण वाकंल."

वेल्डिंगनं भर घातली की एका बाजूनं तापून शाफ्ट वाकतो. टोचे मारून फुगवणं हा गावाकडचा उपाय, तो हंगामापुरता. पातळ नळी बसवायची तर शाफ्ट आधी बारीक करावा लागतो, मग तो तिथंच मोडायची भीती. शेवटी धातूचा फवारा मारून घेतला आणि मग ग्राइंडिंग करून माप आणलं. मामांना मी ३० मिमी म्हणालो तर ते म्हणाले, "तीस नको, तिसाच्या वर थोडं." बरोबर होतं त्यांचं. ३० मिमीच्या बेअरिंगसाठी शाफ्ट ३०.००२ ते ३०.०१५च्या मधे लागतो, तरच आतलं कडं आवळून बसतं. ३०.००८वर त्यांनी काम सोडलं. धातूच्या फवाऱ्याचे, ग्राइंडिंगचे आणि जाण्या-येण्याचे मिळून जे पैसे गेले तेवढ्यात मी चार वेळा बेअरिंग बदलू शकलो असतो, पण ते बदलणंच संपलं.

त्याच दुपारी उद्यमनगरातून पाती धार लावून घेतली आणि घरी आल्यावर आजऱ्यातल्या सराफाकडे गेलो. त्यांना आधी कळेना. मी म्हटलं, तुमच्या काट्यावर चार वस्तू तोलायच्यात: दोन पाती आणि त्यांना आवळणाऱ्या दोन पाचरी. पहिलं पातं २३१ ग्रॅम, दुसरं २२८. तीन ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण मोटरवर ८ इंची पुली, ब्लॉकवर अडीच इंची, मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते तेव्हा ब्लॉक ४६०० फेरे घेतो. साडेचार सेंमी त्रिज्येवर एवढ्या वेगात फिरणारे ते तीन ग्रॅम शाफ्टला तीन किलोपेक्षा जास्त जोरानं बाहेर ओढतात, आणि ती ओढ सेकंदाला ७७ वेळा दिशा बदलते. मशीन थरथरतं, लाकडावर लाटा उठतात, बेअरिंग मरतं, ते यामुळं. जड पात्याची पाठ घासून घासून दोन्ही सारखी केली, पाचरींचंही तसंच. सराफांनी तिसऱ्या खेपेला चहा पाजला.

बेअरिंग बसवताना ठोका द्यायचा तो आतल्या कड्यावर. बाहेरच्या कड्यावर मारलं की तो मार आतल्या गोळ्यांना लागतो, आणि कोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासून खरखरायला लागतं. मी आतल्या कड्याएवढा पाइप कापून त्याचं तोंड लेथवर सपाट करून घेतलं होतं. आणखी एक गोष्ट, जी जुन्या दुरुस्त्यांत बरेचदा चुकलेली दिसते: पट्ट्याच्या बाजूचं बेअरिंग घरात पक्कं धरायचं, पण दुसऱ्या टोकाच्या बेअरिंगला आडवं सरकायला किंचित जागा ठेवायची. शाफ्ट तापला की लांबतो. दोन्ही टोकं आवळली तर लांबलेला शाफ्ट बेअरिंगांनाच चेपतो.

पाचरींचे बोल्ट सगळे नवीन, ८.८ ताकदीचे. त्यात काटकसर करायची नसते.

मोटरचं थोडक्यात. ३ एचपी, थ्री फेज. उलटी फिरली तेव्हा तीनपैकी दोन तारा अदलाबदल केल्या. स्टार्टर असा घेतला की वीज गेली की तो आपोआप सुटतो आणि वीज आली तरी बटण दाबल्याशिवाय मशीन चालू होत नाही. आमच्याकडं वीज कधीही जाते, कधीही येते. ब्लॉकवर हात असताना ती येऊ नये. अर्थिंग वेगळं केलं. रंग हिरवा दिला, कारण खरवडताना खाली हिरवाच निघाला.

आणि मग दिवाळीनंतरच्या आठवड्यात पहिली फळी घातली. सागाची, तीन फुटी. आवाज असा की शेजारचे बघायला आले, कारण आवाज जवळजवळ नव्हताच. फळी आरशासारखी निघाली. दुसरी घातली. दोन्हींच्या कडा एकमेकींवर ठेवून उजेडाकडं धरल्या, तर दोन्ही टोकं चिकटलेली आणि मधे उजेडाची लांब पातळ रेघ.

रंध्यानं काढलेली कड मधे पोकळ येत होती. जोडकाम करणाऱ्याला हे चालत नाही. क्लॅम्पनं आवळून जोड बसतो, पण दोन उन्हाळ्यांनी फळ्यांचा जोड मधे उलतो.

पुढचा महिना मी त्या उजेडाच्या रेघेच्या मागं होतो. रंध्याचा नियम असा की लाकूड जिथून ढकलतो ते अलीकडचं टेबल किसायचं तेवढं खाली असतं, आणि पात्यावरून लाकूड जिथं जातं ते पलीकडचं टेबल पात्याच्या धारेशी तंतोतंत एका पातळीत. पलीकडचं खाली राहिलं तर शेवटच्या दोन इंचांत खाच पडते. वर राहिलं तर लाकूड त्याच्या ओठाला अडतं किंवा कड निमुळती होत जाते. माझ्या फळीला खाचही नव्हती आणि ती निमुळतीही नव्हती. तरी पाती पुन्हा लावली. पलीकडच्या टेबलावर सरळ काठी ठेवून ब्लॉक हातानं फिरवायचा, धार काठीला थोडी सोबत ओढते. काठीवर ३ मिमी अंतरानं दोन खुणा करायच्या, आणि दोन्ही पात्यांच्या दोन्ही टोकांना काठी एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंतच सरकली पाहिजे. चारी ठिकाणी सारखी सरकत होती. बेअरिंग बघितलं, पट्टे बघितले, लाकूड बदललं, फळी ढकलायची माझी पद्धत बदलली. टेबलांवर तर मी पहिल्या दिवसापासून पट्टी ठेवून बघत होतो: सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी, गिलाव्यावाले वापरतात ती, नवी कोरी. दोन्ही टेबलं एका उंचीला आणून पट्टी आडवी ठेवली की खालून केसाएवढाही उजेड येत नव्हता.

अण्णा एवढे दिवस लांबून बघत होते. एक दिवस दुपारी आले, पट्टी उचलली, एक डोळा मिटून तिच्या कडेवरून नजर टाकली आणि विचारलं, "ही सरळ हाय हे तुला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, टेबलावर बसते की बिनउजेडाची.

"मग टेबल सरळ हाय हे कुणी सांगितलं?"

"पट्टीनं."

ते काही बोलले नाहीत. मला तिथंच कळलं. सरळ आणि सरळ जुळतात, तसं बाकदार आणि पोकळही जुळतात. टेबलांची बाहेरची टोकं खाली झुकलेली असतील आणि पट्टीची कड तेवढीच पोकळ असेल तर मधे उजेड दिसणारच नाही. जमिनीवर प्लायवूड टाकून पट्टीच्या कडेनं पेन्सिलीची बारीक रेघ मारली, पट्टी उलटी करून त्याच दोन टोकांतून दुसरी मारली. मधे दोन रेघा वेगळ्या झाल्या, मिमीभर. म्हणजे पट्टी अर्धा मिमी पोकळ होती. तिच्या साक्षीवर मी महिना घालवला होता.

आता सरळ पट्टी आणायची कुठून? अण्णा म्हणाले, करूया. त्यांनी जुन्या घराच्या तुळईतला साग काढला. चांगला जुना, आता फारसा न हलणारा. पाच फुटी तीन पट्ट्या चिरल्या, त्यांना खडूनं एक, दोन, तीन असे आकडे घातले आणि लांब हातरंधा काढला. त्यांनी एक नंबरची पट्टी दोन नंबरवर धरली, जिथं टेकते तिथून कीस काढला. मग दोन तीनवर. मग तीन एकवर. एक नंबरची पोकळ आणि दोन नंबरची बाकदार असेल तर त्या दोघी जुळतील. दोनशी जुळणारी तीन नंबरचीही मग पोकळच निघेल. पण मग तीन आणि एक, दोन्ही पोकळ, एकमेकींना भेटल्या की मधे उजेड दिसणारच, आणि तोही दुप्पट. तिघी एकमेकींशी आलटून पालटून जुळायला लागल्या की त्या सरळच असतात, दुसरी वाट नसते. दोन खोटे एकमेकांना सांभाळून घेतात, तिसऱ्यापुढं त्यांचं चालत नाही.

हे दोन दिवस चाललं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिव्यासमोर धरलं तर कुठल्याही जोडीतून उजेड येत नव्हता. अण्णांना हे त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. नंतर मी वाचलं की जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकारानं १८४० साली ग्लासगोच्या सभेत बिडाची सपाट पातळी करायची हीच रीत मांडली होती, तीन पृष्ठभाग एकमेकांवर तपासायची. उद्यमनगरातल्या मामांना सांगितलं तर ते म्हणाले, सरफेस प्लेटचं, म्हणजे सपाटपणा तपासायच्या पाटाचं, मूळ तेच. मला या गोष्टीचा फार आनंद झाला. आजऱ्याच्या कोपऱ्यातला सुतार आणि तो माणूस एकाच अडचणीतून एकाच दारानं बाहेर पडले होते.

त्या सागाच्या पट्टीनं टेबलं पुन्हा बघितली. अलीकडचं टेबल ठीक. पलीकडच्या टेबलाचं बाहेरचं टोक मात्र ०.४५ मिमी खाली झुकलेलं. त्या टोकावर कित्येक वर्षं लोकांनी ओले ओंडके आदळले असणार, आणि घसरणीचा बाहेरचा भाग झिजला असणार. टेबलं अशी टोकांना झुकली की लाकूड छपरासारख्या उंचवट्यावरून जातं आणि कड पोकळ निघते. माझी फळी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होती.

इलाज पितळेच्या शिमचा, म्हणजे खाली घालायच्या पातळ पट्टीचा. टेबलाचा पाय घसरणीवर ३०० मिमी बसतो, आणि ब्लॉकपासून टेबलाचं टोक ७०० मिमीवर आहे. टोक ०.४५ उचलायचं तर पायाच्या बाहेरच्या कडेखाली त्याच्या तीन सप्तमांश, म्हणजे साधारण ०.२ मिमी पुरते. ०.२ची पितळी पट्टी कात्रीनं कापून घसरणीच्या दोन्ही बाजूंना ठेवली, टेबल बसवलं, आवळपट्टीचे स्क्रू आवळले. पट्टी ठेवली. टोकाला अजून ०.०५ची पात सरकत होती. एका बाजूला पट्टीबरोबर जाड कागदाची घडी घालून बघितली, टेबल पिळलं. कागद काढला. शेवटी ०.०२ची आणखी एक शिम दोन्हीकडं घातली तेव्हा पात कुठंच सरकेना. पाती नव्यानं लावावी लागली, कारण टेबल हललं की त्यांची पातळी बदलते.

फळी मी घातली नाही, अण्णांना घालायला दिली. त्यांनी मशीनवर आयुष्यात पहिल्यांदा हात ठेवला. त्याआधी मी ब्लॉकवर झाकण लावलंय का हे त्यांनी बघितलं, आणि लाकूड ढकलायचा ठोकळा मागून घेतला. दोन कडा काढल्या, एकीवर एक ठेवल्या, खिडकीकडं धरल्या. मग त्यांनी वरची फळी हातानं फिरवून बघितली. जोड मधे फुगलेला असला की फळी तिथंच टेकून भिंगरीसारखी फिरते. ही फिरली नाही, दोन्ही टोकांना घासत अडली.

सर्क्युलरचं काम त्यामानानं सोपं गेलं. पात्यामागची फाळणीची पट्टी गायब होती, ती बहुतेक जुन्या मशीनांवर गायबच असते. चिरलेलं लाकूड मागं मिटतं, पात्याला चिमटतं आणि चिरणाऱ्याच्या पोटावर उडतं, ते ही पट्टी नसते म्हणून. माझं पातं २.२ मिमी जाड आणि त्याच्या दातांची चीर ३.२, म्हणून पट्टी २.५ मिमीच्या पोलादी पत्र्याची, पात्याच्या गोलाईनं कापलेली. जुनं मशीन घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो की रंग राहिला तरी चालेल, ही पट्टी आधी करून घ्या.

आता तिसरा पावसाळा चाललाय. आजऱ्याचा पाऊस म्हणजे चार महिने भिंती ओल्या. पहिल्या पावसाळ्यात मी मशीनवर प्लॅस्टिकचा कागद टाकला आणि आठ दिवसांत टेबलांवर तांबडी बुरशी आल्यासारखा गंज आला, प्लॅस्टिकखाली दमट हवा कोंडते. आता जुनी सुती चादर टाकतो, आणि सांगाड्याच्या पोटात एक छोटा बल्ब रात्रंदिवस जळतो. बीड हवेपेक्षा जरासं कोमट राहिलं की त्यावर दव धरत नाही. टेबलांना मेणबत्तीचं मेण घासून कापडानं पुसतो, त्यानं गंजही थांबतो आणि लाकूडही सरकतं. सिलिकॉनचा फवारा टाळतो, तो लाकडाला लागला की पॉलिश तिथं फुटतं. संध्याकाळी भुसा झाडल्याशिवाय शेड बंद करत नाही, कारण भुसा ओल धरतो आणि रात्रीतून त्याच्या आकाराचा डाग टेबलावर उमटतो. ऐनाचा किंवा बाभळीचा भुसा असेल तर काळा डाग, तो मेणानं जात नाही. ग्रीस भरायचा मोह टाळतो, बेअरिंग सीलबंद आहेत आणि जास्त ग्रीसनं तापतात. पट्टे दोन्ही एकदमच बदलतो, एक जुना एक नवा असले तर सगळा भार नव्यावर येतो. सागात वाळूचा अंश असतो, त्यानं धार लवकर जाते, म्हणून पात्यांच्या दोन जोड्या ठेवल्यात, दोन्ही सराफाच्या काट्यावर तोललेल्या.

सागाच्या तीन पट्ट्या शेडच्या आढ्याला उभ्या टांगलेल्या आहेत. दर पाडव्याला आणि पावसाळा संपल्यावर त्या खाली काढून एकमेकींवर धरतो. गेल्या वर्षी दोन नंबरची थोडी हलली होती, अण्णांनी एक कीस काढला.

भोकं पाडायचं टेबल अजून सुटंच पडलंय. त्याची सरकती घसरण फार झिजली आहे, आणि ती खरवडून घ्यायला मामांनी भाऊबीज झाल्यावर या असं सांगितलंय.